तळल्याची वेळ सांगा!

माझ्या नवऱ्याला डोनट मनापासून आवडतो, पण तेलातून नुकता निघालेलाच. मॉलमधल्या काउंटरवर तो एकच प्रश्न विचारतो, "हे किती वाजता तळलेत?" पलीकडचा मुलगा गडबडतो. "सर, आजचेच आहेत, एकदम फ्रेश." "आजचे म्हणजे कधीचे?" मागची रांग चुळबुळते, कुणीतरी उसासा टाकतं. लोकांना हे नखरे वाटतात. मला त्याचा प्रश्न शंभर टक्के रास्त वाटतो. दीडशे रुपये घेणाऱ्याला त्याचं उत्तर देता आलंच पाहिजे.

यीस्टचा डोनट ही फार थोड्या वेळाची चीज आहे. 180 ते 190 अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात तो तरंगतो, एक अंग तांबूस झालं की उलटायचा. पीठ नीट फुगलं असेल तर कमरेभोवती फिकट पट्टा राहतो, कारण तेवढा भाग तेलाच्या वरच असतो. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी डोनट होतात, तेव्हा नवरा झाऱ्यावर आधी तो पट्टा बघतो आणि मगच साखरेच्या पाकाला हात लावतो. गरम डोनटवर पाक पसरला की त्याचा पातळ पापुद्रा धरतो. चावताना तो तडकतो आणि आत वाफेसकट मऊ गर लागतो. थोड्या वेळाने हे संपतं. मैद्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो, आतली ओल वरच्या थरात सरकते, पाक चिकट होतो. फ्रीजमध्ये ठेवलात तर आणखी लवकर. मग वरून चॉकलेट, रंगीत साखर, बिस्किटांचा चुरा! इतकं थापावं लागतं तेव्हा आतला डोनट बोलायचा थांबलेला असतो.

ताज्याची ही ओढ काही आमच्या घरातली खोड नव्हे. 1917 साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या आघाडीजवळ साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन यांनी मिळेल त्या सामानात डोनट तळायला घेतले आणि अमेरिकन सैनिक त्यासाठी ताटकळत उभे राहिले. क्रिस्पी क्रीम या अमेरिकन डोनट कंपनीची गोष्ट तर याहून बोलकी. 1937 मध्ये व्हर्नन रुडॉल्फने विन्स्टन-सेलममध्ये किराणा दुकानांना घाऊक पुरवठा करण्यासाठी डोनट बनवायला सुरुवात केली. रस्त्याने जाणारे लोक वासाने थांबले, गरम गरम द्या म्हणाले, म्हणून त्याने भिंतीला खिडकी पाडली. पुढे त्यांच्या दुकानांवर 'हॉट नाऊ'चा लाल दिवा आला. दिवा लागला की आत गरम डोनट निघताहेत. आपल्याकडच्या मॉलमध्ये डोनट आला तो काचेच्या कपाटातून. कढई आणि घाणा बघायला मिळालाच नाही.

आणि आपण तरी ते का चालवून घेतो? वडापावच्या गाडीवर गार वडा समोर आला तर आपण बिनदिक्कत म्हणतो, "भाऊ, नवीन घाणा निघू दे." वीस रुपयांच्या वड्याला जो हक्क, तो त्याच्या कितीतरी पट महाग डोनटला नको? एसी आणि गणवेशातला मुलगा दिसला की आपली जीभ जड होते, याचा मला खरंच राग येतो.

उपाय सोपा आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं बंधनकारक झालं. डोनटला तारीख पुरत नाही, घड्याळ लागतं. प्रत्येक ट्रेवर खडूने तळल्याची वेळ लिहा. शक्य असेल तिथे गिऱ्हाइकाला दिसेल असं तळा. चवी दोनच ठेवा, पण घाणे दिवसातून चार काढा. दुपारी तीनला पुढचा घाणा निघणार असं लिहिलंत, तर पावणेतीनला माझा नवरा दारात उभा असेल, आणि त्याच्यासोबत मीही.