घोड्याची घोंगडी

बाणेरच्या एका टॅपरूममध्ये एका सद्गृहस्थांनी बेल्जियमहून आलेल्या आंबट बिअरच्या पेल्यात नाक घातलं, डोळे मिटले, मान मागे टाकली आणि टेबलावरच्या मंडळींना शुभवार्ता दिली, ‘‘हॉर्स ब्लँकेट!’’ मंडळींनी माना डोलावल्या. पेला हातोहात फिरला. ‘‘हो हो, घोडा येतोय,’’ एक म्हणाला. ‘‘मला तर अख्खा तबेला येतोय,’’ दुसरा म्हणाला, कारण अशा टेबलावर दुसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त यावंच लागतं. तिसरा बिचारा नवखा होता. त्याला नुसती बिअर आली. तो गप्प बसला.

वेटरला बोलावून कुणी झापलं नाही. पेला परत पाठवला नाही. पाण्याच्या बाटलीचं सील जरा सैल लागलं तर मॅनेजरला उभा करणारी ही माणसं. त्यांनी घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास साडेचारशे रुपये मोजून, सर्व्हिस चार्जसकट, आनंदाने छातीत भरून घेतला.

आमचा प्रश्न साधा आहे. यांनी ही घोंगडी हुंगली कधी? पुण्यातले टांगे गेले त्याला जमाना झाला. स्वतःच्या वरातीत घोडीवर बसले असतील, तर तिच्या पाठीवर भाड्याची मखमल होती आणि नवरदेवाच्या अंगावर अर्धी बाटली अत्तर. राहिलं माथेरान. तिथे दस्तुरी नाक्यावर गाडी लावून उतरलं की घोडेवाले पुढे येतात, आणि सद्गृहस्थांचा पहिला हात खिशातल्या रुमालाकडे जातो. तो रुमाल परत गाडीत बसेपर्यंत नाकावरून हलत नाही. म्हणजे खऱ्या घोड्यापाशी नाक बंद आणि नसलेल्या घोड्यापाशी नाक सताड उघडं. शिवाय नुसतं ‘घोंगडी’ म्हणून भागतं कसं? ओली की सुकी? घोडा नुकता रपेट मारून आलेला की दोन दिवस पागेत उभा? लष्करी की लग्नातला? जाणकारीच दाखवायची तर नीट दाखवा. आम्ही काही अडवलेलं नाही.

घोडा पेल्यात येतो तो असा. ब्रेटॅनोमायसेस नावाचं एक रानटी यीस्ट आहे. 1904 साली कोपनहेगनच्या एका ब्रुअरीत ते इंग्लिश बिअरमधून वेगळं काढलं गेलं. हे यीस्ट निवांत बसून फिनॉल जातीची रसायनं तयार करतं. त्यातल्या 4-इथाइलफिनॉलने तबेला, कातडं, गोठा असे सगळे वास येतात. वाइनवाल्याच्या लाकडी पिंपात हेच यीस्ट शिरलं तर त्याचा चेहरा घरात चोर शिरल्यासारखा होतो. पिंपं धुऊन काढतात, गंधकाची धुरी देतात, आणि बाटलीत वास उतरला असेल तर माल नासला म्हणून कपाळाला हात लावतात. तोच वास बेल्जियमच्या लॅम्बिक नावाच्या आंबट बिअरमध्ये असला की गुण. आमची तक्रार यीस्टबद्दल नाही. ते बिचारं सगळीकडे तेच करतं.

या मंडळींच्या फोनवर एक वही असते. प्रत्येक घोटानंतर तीत गुण भरायचे. घोंगडीला पाचपैकी 3.75 मिळाले. तो सव्वा तारा कशाचा कापला, हे आम्ही लाजलज्जा सोडून विचारलं. उत्तर आलं, ‘‘फिनिश थोडी शॉर्ट आहे.’’ म्हणजे घोडा आला, पण लवकर गेला. मराठी शाळेतले आमचे मास्तर निबंधाला दहापैकी साडेसहा द्यायचे, तेव्हा ते अर्ध्या गुणाचा हिशेब विचारू द्यायचे नाहीत. ती परंपरा अशी टिकून आहे म्हणायची.

मग फळीवरचे बाकीचे पेले. लाकडी फळीला भोकं पाडून त्यात पाच-सहा चिमुकले ग्लास बसवतात, त्याला फ्लाइट म्हणतात. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये सद्गृहस्थांना केळं आणि लवंग सापडली. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, दोन्ही यीस्टची करामत. पण निदान केळं त्यांनी आयुष्यात पाहिलेलं आहे, तेव्हा तो मुद्दा आम्ही सोडून देतो. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, आली तेव्हा तिच्याबरोबर जहाजाची गोष्ट आली. ती येतेच. गोऱ्या साहेबासाठी विलायतेहून बिअर निघायची, वाटेत टिकावी म्हणून हॉप्स जास्त घालायचे, वगैरे. गोष्ट सांगताना सद्गृहस्थांच्या आवाजात असा हळवेपणा दाटला, की त्यांचे पणजोबा मुंबईच्या धक्क्यावर ती पिंपं प्यायला उभे असावेत. उभे असतीलही. पिंपं उतरवायला.

पण खरी बहार आली हिरव्या बाटलीवर. इंपोर्टेड लागर. झाकण उडालं, नाक गेलं आणि निकाल लागला, ‘‘स्कंकी.’’ स्कंक हा अमेरिका खंडातला प्राणी. भारतातल्या एकाही रानात तो नाही. सदाशिव पेठेत जन्मून बाणेरात स्थायिक झालेल्या माणसाला त्याचा वास पाठ असावा, हे नाकाचं केवढं कर्तृत्व! वासाचं कारण मात्र घरगुती आहे. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला दुर्गंध सुटतो. तपकिरी काच तो उजेड अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. म्हणजे युरोपातून लोखंडी कंटेनरमध्ये तांबडा समुद्र ओलांडून न्हावाशेव्याला उतरलेली, तिथे उन्हात तापलेली, मग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली महिनोन् महिने हवा खात बसलेली ती बाटली आहे. तिला आपल्याकडे नासलेली म्हणत नाहीत. आपल्याकडे त्याला म्हणतात ‘इंपोर्टेडची चव’. अनेकांना तीच आवडते. ताजी दिली तर परत करतील.

या सगळ्या वेळात टेबलापाशी एक पोरगा उभा होता. विशीतला, काळा एप्रन, छातीला नावाची पट्टी. कोणत्या पेल्यात कोणता वास ‘येतो’ ते त्याच्याकडून घोकून घेतलेलं असतं, आणि तो ते पाढ्यासारखं म्हणतो. ‘‘सर, यात तुम्हाला लेदर येईल, ग्रीन ॲपल येईल, लास्टला हॉर्स ब्लँकेट येईल.’’ मंडळी उठल्यावर आम्ही त्याला गाव विचारलं. शहादा तालुका, सारंगखेड्याजवळ. सारंगखेडा! जिथे दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरातले घोडे येतात आणि लाखांचे सौदे होतात, ते सारंगखेडा. काकाकडे दोन घोडे आहेत म्हणाला. मग खरी घोंगडी कशी असते रे, आम्ही विचारलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मॅनेजर लांब आहे याची खात्री केली आणि म्हणाला, ‘‘साहेब, आमच्या घोंगडीला गोचिडाच्या औषधाचा वास येतो.’’ त्या अख्ख्या टॅपरूममध्ये विषयाचा एकमेव तज्ज्ञ हाच होता आणि त्याचं काम होतं नाचोज आणणं.

आता लॅम्बिकचंच बघा, कारण तिथे आमचं डोकं फिरतं. ब्रुसेल्सच्या आसपास गहू आणि माल्ट उकळून काढलेला रस माळ्यावरच्या एका उथळ, उघड्या, तांब्याच्या परातीसारख्या हौदात रात्रभर गार करायला ठेवतात. छपराच्या फटी उघड्या. हवेतलं जे यीस्ट, जे जंतू पडायचे ते पडू द्यायचे. ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच हंगाम, कारण उन्हाळ्याच्या हवेतले जंतू माल बिघडवतात. मग लाकडी पिंपात वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. कोळिष्टकंसुद्धा झाडत नाहीत. कोळी माश्या खातो, माश्यांनी माल नासतो, म्हणून कोळ्याला अभय. सुरेख पद्धत आहे, आम्ही टोपी काढतो. पण डहाणूकडे पहाटे ताडावर चढणारा माणूस मडकं बांधतो, नीरा उतरवतो, आणि मडक्यातल्या आणि हवेतल्या यीस्टने दुपारपर्यंत तिची ताडी होते, तेव्हा तो वेगळं काय करतो? तसंच रानटी यीस्ट, तशीच उघडी हवा, तेच जंतूंवर सोपवून बसणं. ब्रुसेल्सचं कोळिष्टक म्हणजे परंपरा, आणि ताडीच्या दुकानातलं कोळिष्टक दिसलं तर गलिच्छपणाचा पंचनामा. तिकडची हवा बाटलीत भरून आली की तिला ‘तिथल्या मातीचा स्वभाव’ म्हणायचं. इकडच्या मडक्यापाशी परवान्याचा कागद नसला की धाड. मोहाचं तर काय सांगावं. 1892 साली मुंबई इलाख्यात इंग्रजांनी मोहाच्या फुलांवरच कायदा केला, रानात पडलेली फुलं घरात साठवणं गुन्हा ठरलं. त्या इंग्रजाने जहाजातून आणलेल्या बिअरची गोष्ट आम्ही डोळ्यांत पाणी आणून सांगायची, आणि त्याने गुन्हेगार ठरवलेल्या आदिवासीच्या घरातल्या फुलांचा वास आला की गाडीची काच वर करायची. गोव्याने काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवलं, पुढे तिला वारसा म्हणून जाहीर केलं. तरी आमचे हे सद्गृहस्थ कलंगुटला जाऊन म्हणतात, ‘‘फेणीला फार वास येतो रे.’’ अहो, घोडा चालतो, आणि काजू नको?

आणि ही गोष्ट पेल्यापुरती असती तर आम्ही एवढा शाईचा खर्च केला नसता. पण हे सद्गृहस्थ त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. असतातच. त्या सोसायटीत वेंगुर्ल्याची एक मुलगी भाड्याने राहते, बँकेत नोकरी करते, वेळेवर भाडं देते. जून-जुलैत मासेमारी बंद. घरून आलेल्या बेगमीतला जवळा तिने एका रविवारी लसणीवर परतला. सोमवारी लिफ्टपाशी सूचना लागली, ‘‘काही सदनिकांमधून उग्र व असह्य दर्प येत असल्याच्या तक्रारी प्राप्त झाल्या असून, असे पदार्थ शिजविणाऱ्या भाडेकरूंचा करार नूतनीकृत केला जाणार नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.’’ खाली सही. त्याच बोटांची, ज्यांनी शनिवारी घोंगडीला 3.75 दिले. बरं, माणूस शाकाहारी असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. फ्लाइटबरोबर टेबलावर तळलेलं म्हाकूल होतं आणि शेवटच्या कड्यासाठी दोन काटे एकमेकांवर आपटले होते. मासळी बशीत आली, तिच्यावर लिंबाची फोड आणि बिलावर कर असला, की ती खाद्यसंस्कृती. शेजारणीच्या कढईत असली की दर्प. यांचं नाक चेहऱ्यावर नाही, पाकिटात आहे. घोड्याचा घाम, गोठ्यातला चिखल, अमेरिकेतल्या जनावराची घाण, एवढं सगळं ज्या नाकाला कौतुकाने ओळखता येतं, त्याला कोकणातला वाळवलेला जवळा मात्र असह्य होतो. आणि त्या असह्यतेपायी एका पोरीने पावसाळ्यात घर शोधत फिरायचं. कुणाच्या ताटाचा वास कुणाला यायचा आणि कुणाच्या दारावर सूचना लागायची, हे या देशात नाकाने कधी ठरवलंय? पिढ्यान् पिढ्या ते दुसऱ्याच गोष्टीवरून ठरत आलंय, आणि ती गोष्ट कोणती ते सूचना लावणाऱ्यालाही ठाऊक आहे.

असो. रागाने घर मिळत नाही. त्या मुलीसाठी आम्ही करार नूतनीकरणाचा नवा अर्ज लिहून दिलाय. स्वयंपाकाच्या रकान्यात असं आहे: ‘‘सिंगल-ओरिजिन जवळा, वेंगुर्ला किनारा. उन्हात वाळवलेला, हाताने निवडलेला. सुरुवातीला खाऱ्या वाऱ्याची झुळूक, मध्यावर कोकमाचा आंबटपणा, शेवटी लसणीची लांबलचक फिनिश; तिसऱ्या मजल्यापर्यंत टिकते. बॅच मर्यादित, फक्त पावसाळ्यात.’’ अर्ज गेला आहे. आमचा अंदाज असा, की सेक्रेटरी स्वतः वाटी घेऊन तिच्या दाराशी येतील, झाकण काढून डोळे मिटतील, चार तारे देतील आणि मग डिपॉझिट वाढवून मागतील, कारण सुगंध कॉमन पॅसेजमध्ये येतो आणि कॉमन पॅसेज सोसायटीच्या मालकीचा आहे.