उतरायचं कुठे?

सामन्याचं तिकीट मिळणं हा नशिबाचा भाग. त्या गावी उतरायचं कुठे, हा मात्र घराण्याचा प्रश्न असतो आणि त्यात घरातला प्रत्येक जण मत देतो, न जाणारा जरा जास्तच.

2023च्या विश्वचषकाचं वेळापत्रक जूनअखेर जाहीर झालं. भारत-पाकिस्तान सामना अहमदाबादला, 15 ऑक्टोबरला. तिथल्या हॉटेलांचे दर असे काही चढले की एका रात्रीचे पन्नास हजार मागताहेत, अशा बातम्या येऊ लागल्या. गंमत म्हणजे तेव्हा सामन्याची तिकिटं विक्रीलाही आली नव्हती. लोक आधी खोली धरत होते. आत जायला मिळेल की नाही, ते पुढचं पुढे. पंढरपूरला निघालेलाही दर्शनबारीची हमी मागत नाही.

त्याच सुमारास कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून रुग्णालयाची कल्पना निघाली. सगळ्या तपासण्यांचं पॅकेज घ्यायचं. त्यात रात्रीचा मुक्काम, जेवणखाण आणि सोबत एक नातेवाईक. अशी चौकशी करणारे फोन येताहेत, हे तिथल्या डॉक्टरांनीच वर्तमानपत्रांना सांगितलं. हसण्यावारी नेऊ नका, हिशेब चोख आहे. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, दुपारी दोनला मोटेराच्या मैदानावर हजर, रात्री पुन्हा आपल्या खाटेवर. रक्तदाब तेवढा सामन्याआधी मोजून घ्यावा. नंतर मोजला तर घरी सोडायचे नाहीत.

पुढे ऑगस्टमध्ये तो सामना एक दिवस अलीकडे, 14 तारखेला आणला. 15ला घटस्थापना, म्हणजे अहमदाबादेत गावभर गरबा. पोलिसांनी पुरायचं तरी कुठेकुठे? ज्यांनी पन्नास हजारांची खोली 15ची धरली होती, त्यांची पळापळ मी मनातल्या मनात पुष्कळदा पाहिली आहे आणि मला तिचा कधी कंटाळा आलेला नाही. रुग्णालयवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. दुखणं एक दिवस आधी आलं, असं म्हणायची सोय त्यांना होती.

मला विचाराल तर सगळ्यांचा हिशेब एकाच जागी चुकतो. जो तो मैदानावर जायचं अंतर मोजतो. जाताना काय, माणूस सकाळपासून मोकळा असतो, उत्साहात असतो, दोन मैल चालतोसुद्धा. मोजायचं ते परतीचं अंतर. त्या मैदानात 1,32,000 माणसं मावतात. ती येतात दिवसभरात रमतगमत आणि निघतात एकदम. दुपारी दीडशे रुपयांत सोडणारा रिक्षावाला रात्री आकाशाकडे बघत एक आकडा सांगतो आणि आपण तो कबूल करतो. म्हणून एक तर चांदखेड्याच्या बाजूला, पायी परतता येईल असं काही शोधावं, नाही तर सरळ मेट्रोची मोटेरा मार्गिका धरावी. राणीप, उस्मानपुरा, पालडी, कुठेही. जिन्याजवळ असलं म्हणजे झालं. पोहण्याचा तलाव आणि न्याहारीत सतरा पदार्थ, हे लग्नाला आलेल्यांनी बघावं.

पण हे सगळं ज्याला गुजरातेत नातेवाईक नाहीत त्याच्यासाठी. आमची आत्या बडोद्याला. गायकवाडांच्या काळापासून ते गाव निम्मं आपलंच, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांना एखादी बडोद्याची आत्या असते. मी फोनवर हॉटेलाचं नुसतं नाव काढलं.

"का रे? आमचं घर पडलंय का?"

"तसं नाही गं आत्या, अहमदाबाद तिथून शंभर किलोमीटर."

"गाडीत बसलं की दीड-दोन तास. डोंबिवलीहून ऑफिसला जायला किती लागतात तुला?"

यावर उत्तर नव्हतं. शिवाय आत्याकडे सकाळी सेव-उसळ असते. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर मूठभर सेव, हिरव्या कांद्याची पात, शेजारी लालभडक तरीची वाटी आणि पाव. वाटी संपत आली की आत्या न विचारता भरते. असा मुक्काम फुकट म्हणतात, पण त्याचं भाडं काका वसूल करतात. 1947 साली बडोद्यातच झालेला रणजीचा अंतिम सामना त्यांच्या वडिलांनी प्रत्यक्ष पाहिलेला. होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे 91 धावांत 3 गडी बाद होते, मग विजय हजारे आणि गुल महंमद यांची 577 धावांची भागीदारी. आपण बूट घालत असताना काका तिला सुरुवात करतात. भागीदारी फुटेपर्यंत उठणं शोभत नाही, आणि ती फुटते तेव्हा आपली गाडी आणंदला पोचलेली असते.

तरी आत्याच्या घराला तोड नाही, हे मला 2023च्याच आयपीएलच्या अंतिम सामन्यानं पटवलं. 28 मे, रविवार. पावसानं एक चेंडू पडू दिला नाही. सामना सोमवारच्या राखीव दिवसावर. हॉटेलं एका रात्रीची घेतलेली, परतीची आरक्षणं ठरलेली. पिवळे सदरे घातलेली कितीतरी मंडळी अहमदाबाद स्टेशनच्या फरशीवर आडवी झाली. सोमवारीही पाऊस आलाच, आणि जडेजानं शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार-चौकार मारून चेन्नईला जिंकून दिलं तेव्हा मंगळवार लागून तास-दीड तास झाला होता. धोनीसाठी अंग दुखवून घेणाऱ्या त्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण मी रविवारी रात्री बडोद्याला परतलो होतो. दहाला खोली सोडा, असं आत्या म्हणत नाही. उलट सोमवारचा उपास असूनही तिनं माझ्यासाठी उसळ टाकली.

काकांना तर अख्खी सकाळ मोकळी मिळाली होती. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि या वेळी थेट नाणेफेकीपासून सुरुवात केली.