लोणचं पकडणाऱ्या यंत्रास

मा. क्ष-किरण यंत्रसाहेब,
सुरक्षा तपासणी कक्ष, विमानतळ

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपली भेट झाली. कमरेचा पट्टा ट्रेमध्ये गेल्यामुळे मी एका हाताने पँट सावरत उभा होतो. माझी बॅग आपल्या पोटात शिरली, थांबली, मागे आली, पुन्हा आत गेली. मग एका जवानाने बरणी बाहेर काढली.

“अंकल, ये क्या है?”

“लिंबाचं लोणचं. दुबईला, लेकीसाठी.”

त्याने बरणी तिरकी केली. खार हलला. गुन्हा सिद्ध झाला. सौभाग्यवतीने महिनाभर मुरवलेलं लोणचं डब्यात धप्पकन पडलं.

शंभर मिलिलिटरचा नियम मला ठाऊक आहे. ऑगस्ट 2006 मध्ये ब्रिटनहून निघणारी विमानं पेयांच्या बाटल्यांतून नेलेल्या स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून जगभरच्या बाटल्या संशयित आहेत. लोणच्याचं त्यात अंग नव्हतं, पण नियम तो नियम. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. लेकीकडे बॅग रिकामी करताना आतल्या कप्प्यातून आईचा अडकित्ता निघाला. वीतभर लांब, मुठी पितळी, पातं पोलादी. कुठल्याशा लग्नात ठेवलेला, तिथेच राहून गेलेला. लोणच्यापायी आपण बॅग दोनदा पाहिलीत, म्हणजे अडकित्त्याचंही आपल्याला दोनदा दर्शन घडलं!

आपली अडचण मी समजू शकतो. पडद्यावर सेंद्रिय ते नारिंगी आणि धातू तो निळा दिसतो. लोणचं नारिंगी, बरीचशी स्फोटकंही नारिंगी. अडकित्ता मात्र चार्जरच्या गुंत्यात कडेवर उभा असला, तर नुसती निळी रेघ. पडद्यासमोरच्या माणसाला दिवसभर डबे आणि चपलाच दिसतात. क्वचित येणारी वस्तू नजरेतून निसटते. म्हणून तर मधूनमधून खोट्या शस्त्रांच्या प्रतिमा दाखवून त्याला जागं ठेवावं लागतं.

आपल्या अमेरिकेतल्या भाऊबंदांचंही तेच. 2015 मध्ये तिथल्या सरकारच्याच माणसांनी प्रवासी बनून नकली शस्त्रं आणि स्फोटकं नेऊन पाहिली. बाहेर फुटलेल्या बातमीनुसार 70 पैकी 67 वेळा ती पार झाली. टीएसए या सुरक्षा खात्याच्या हंगामी प्रमुखांना पदावरून हलवलं गेलं. प्रवाशांचे बूट उतरवणं मात्र 2025 पर्यंत चालू राहिलं. याच खात्याने 2023 मध्ये 6,737 बंदुका पकडल्या, बहुतेक भरलेल्या, हेही खरं. तेव्हा आपण निरुपयोगी आहात, असं मी म्हणणार नाही. आपल्याला उत्तीर्ण म्हणायचं की नाही, एवढंच कळत नाही.

म्हणून एक विनंती. आपली अशी गुप्त परीक्षा होईल, तेव्हा निकाल आम्हालाही कळू द्या. काय निसटलं, कसं निसटलं ते सांगू नका. किती निसटलं तेवढं सांगा. पँट सावरत रांगेत उभं राहणाऱ्याचा तेवढा हक्क आहे.

येत्या रविवारी परत निघतोय. अडकित्ता या खेपेस मी आपण होऊन मोठ्या बॅगेत टाकला आहे. दोघांपैकी एकाचं तरी लक्ष असायला हवं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लोणचं गमावलेला एक प्रवासी