दुसऱ्या पृथ्वीची नोंद कशी करावी? (फक्त नवशिक्यांसाठी)

पृथ्वीसारखा ग्रह शोधायचा म्हटलं की लोक उगीच दुर्बिणी, वेधशाळा, पीएचडी यांच्या नादी लागतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा परका ग्रह १९९५ साली पहिल्यांदा सापडला. २०२५ मध्ये अशा परग्रहांच्या यादीने सहा हजारांचा टप्पा ओलांडला. तरी 'इथे जा आणि खुशाल श्वास घ्या' असं एकाही ग्रहाबद्दल शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगू शकलेले नाहीत. बिचारे! तुम्ही मात्र रविवारी जेवण उरकून बसलात तर नशिबाने संध्याकाळच्या चहाआधी एखादी पृथ्वी पदरात पडेल. लागतं काय? 'एलिट डेंजरस' हा खेळ, बऱ्यापैकी कम्प्युटर आणि एक्सेल. यातलं एक्सेल सर्वांत महत्त्वाचं.

१. आकड्याची भीती घालवा. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स कंपनीने हा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आणला. त्यात आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली आहे, म्हणजे सुमारे ४० हजार कोटी तारकासंस्था. 'स्टेलर फोर्ज' नावाची गणिती यंत्रणा ताऱ्याचं वय, वस्तुमान, भोवतालचा मालमसाला पाहून कुठे कोणता ग्रह असावा ते ठरवते. दर मिनिटाला एक संस्था पाहिलीत, न झोपता, न जेवता, तर साडेसात लाख वर्षांच्या पुढे कधीतरी काम आटोपेल. घरी हा आकडा सांगू नका. 'थोडं राहिलंय' एवढंच म्हणा.

२. जहाज हलकं करा. तोफा काढा. मालाची कपाटं काढा. एका उडीत जितकी जास्त प्रकाशवर्षं, तितका हा माणूस मोठा, अशी या जमातीत प्रतिष्ठेची मोजणी असते. फ्युएल स्कूप मात्र काढू नका, कारण वाटेत पंप नाहीत. ताऱ्याच्या कडेकडेने जहाज नेऊन त्याच्यातूनच इंधन ओढून घ्यायचं असतं, आणि तेही सगळे तारे देत नाहीत. के, जी, बी, एफ, ओ, ए, एम या वर्गांतलेच देतात. 'केजीबीफोम' असं पाठ करा. पाठ न झाल्यास आणि टाकी रिकामी पडल्यास 'फ्युएल रॅट्स' नावाची खेळाडूंचीच संघटना आहे; ती हजारो प्रकाशवर्षं तुडवत येऊन फुकट इंधन देते. स्वयंसेवी कार्याला जगात वाव उरलेला नाही असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

३. दूर जा. अजून दूर. वस्ती असलेला सूर्याभोवतीचा भाग, ज्याला खेळाडू 'बबल' म्हणतात, तिथे काही शिल्लक नाही. आकाशगंगेच्या मध्याकडे, म्हणजे सॅजिटेरियस ए* या कृष्णविवराकडे जाणारा सरळ रस्ताही लोकांनी पिंजून काढला आहे. पलीकडच्या टोकाला, सूर्यापासून सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षांवर, बीगल पॉइंट आहे. तिथे तरी एकांत मिळेल म्हणून निघाल, तर जानेवारी २०१९ मध्ये 'डिस्टंट वर्ल्ड्स २' या मोहिमेत दहा हजारांहून अधिक खेळाडू त्याच बाजूला निघाले होते हे लक्षात ठेवा. युक्ती सोपी आहे. हमरस्त्यापासून काहीशे प्रकाशवर्षं वर किंवा खाली सरका. माणूस अंतराळातही सरळ रेषेतच चालतो, त्यामुळे बाजूच्या गल्ल्या रिकाम्या असतात.

४. भोंगा वाजवा. संस्थेत शिरलं की डिस्कव्हरी स्कॅनरचं बटण दाबून धरा. भोंगा वाजेल आणि इथे किती ग्रह-उपग्रह आहेत ते कळेल. मग फुल स्पेक्ट्रम स्कॅनर उघडा, पट्टीवर काटा फिरवा आणि एकेक ग्रह लावत जा. प्रत्येक प्रकारच्या ग्रहाचा आवाज वेगळा. मुरलेले लोक डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून पृथ्वी ओळखतात. ही विद्या इतर कुठल्याही नोकरीत उपयोगी पडत नाही.

इथे नवशिक्याची हमखास फसगत होते ती जलग्रहापाशी. तोही निळा, त्याच्यावरही ढग, आणि तो पाहून तुमचाही श्वास रोखला जातो. रोखलेलाच बरा, तिथल्या हवेचा भरवसा धरू नका. जलग्रहालाही चांगले पैसे मिळतात, पण चार जाणकारांत त्याचं नाव काढू नये. ऐकणारे 'वा वा' म्हणतात आणि विषय बदलतात.

५. प्रोब सोडून नकाशा काढा. खेळ ठरवून देतो तेवढ्या किंवा त्याहून कमी प्रोबमध्ये पूर्ण गोल झाकलात तर जादा मोबदला मिळतो. नकाशा झाला की ग्रह जवळून पाहा. समुद्र आहे, खंड आहेत, ध्रुवांवर बर्फ आहे, हवा माणसाला चालणारी आहे.

आता मन घट्ट करा. या ग्रहावर तुम्हाला उतरता येत नाही.

कधीच नाही. २०१५ च्या शेवटी 'होरायझन्स' हा खेळाचा विस्तार आला, तेव्हापासून बिनहवेच्या ओसाड गोळ्यांवर उतरता येतं. २०२१ मध्ये 'ओडिसी' हा विस्तार आला आणि विरळ हवेच्या ग्रहांवर पायी फिरण्याचीही सोय झाली. थोडक्यात, जिथे श्वास घेता येत नाही तिथे तुम्ही वाटेल तेवढे हिंडा. जिथे घेता येतो, तिथे खिडकीतून बघा. सातबाऱ्यावर नाव लागावं आणि बांधावरही पाय ठेवायला बंदी असावी, तसला हा व्यवहार आहे. पण नाव लागतं, ही गोष्ट लहान नाही. 'प्रथम शोध' या ओळीपुढे तुमचं कमांडरनाम कायमचं चिकटतं आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. येणार कोण, हा प्रश्न नवशिक्याने विचारू नये.

ग्रहाला मात्र तुम्ही नाव देऊ शकत नाही. ते यंत्रणेने आधीच दिलेलं असतं. पुढे कोलोनिया म्हणून वस्ती झाली त्या संस्थेचं जन्मनाव 'इओल प्राऊ आरएस-टी डी३-९४' होतं. तुमच्या वाट्याला असंच काहीतरी येईल, आणि शेवटी ग्रहाचा क्रमांक. तोंडपाठ करा. पुढच्या लग्नकार्यात कुणी 'हल्ली काय चाललंय?' विचारलं तर एका दमात म्हणता आलं पाहिजे.

६. आता खरं काम: नोंदवही. आतापर्यंतचं सगळं केवळ मौज होती.

खेळ तुमच्या कम्प्युटरवर गुपचूप एक रोजनिशी लिहीत असतो. तुम्ही तपासलेल्या प्रत्येक ग्रहाची माहिती तिच्यात असते, आणि ती अशा मापांत असते की वाचून कुणाला ग्रहाचा लोभ सुटू नये. तापमान केल्विनमध्ये, हवेचा दाब पास्कलमध्ये, दिवसाची लांबी सेकंदांत, आसाचा कल रेडियनमध्ये. आपल्या पृथ्वीची टिपणं या हिशेबाने साधारण अशी होतील: तापमान २८८, दाब १०१३२५, स्वतःभोवतीची एक फेरी ८६१६४, कल ०.४१. हे चार आकडे भिंतीवर लावा. यापुढे भेटणारा प्रत्येक ग्रह यांच्याशीच ताडून पाहायचा आहे.

रकाने सढळ हाताने पाडा. गुरुत्वाकर्षण, वर्षाची लांबी, चंद्र किती, कडी आहेत का, ताऱ्याचा वर्ग, नायट्रोजनचं प्रमाण, ऑक्सिजनचं प्रमाण. मग गुण द्या. गुण देण्यावरून जाणकारांत जी भांडणं होतात त्यांत आत्मविश्वासाने उतरा. तापमान जुळलं पण दिवस दोनशे तासांचा निघाला, तर किती गुण कापायचे? दोन चंद्र असणं हा दोष की दागिना? कडी असलेल्या पृथ्वीचा फोटो सगळे मागतात, पण यादीत ती खाली ढकलली जाते, कारण आपल्या पृथ्वीला कडी नाहीत. सुंदर ग्रहांची अशी थोडी कुचंबणा होणारच. स्पर्धा सुंदर असण्याची नसून आपल्यासारखं असण्याची आहे, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

एक धोक्याची सूचना. काही दिवसांनी तुम्ही ग्रहाकडे बघणं सोडून द्याल. स्कॅन झाला, आकडे रोजनिशीत पडले, चला पुढे. याला प्रगती म्हणतात.

७. विकल्याशिवाय काहीही तुमचं नाही. जमवलेली माहिती स्थानकावर जाऊन युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्सला विकावी लागते. विकण्याआधी जहाज फुटलं तर तुम्ही नव्या जहाजात जिवंत होता, माहिती मात्र मरते. दुसरं म्हणजे, नाव आधी पाहणाऱ्याचं लागत नाही, आधी विकणाऱ्याचं लागतं. तुम्ही तीन महिने दूरवर रमलात आणि मागून आलेल्या कुणी तोच ग्रह पाहून आधी स्थानक गाठलं, तर पृथ्वी त्याची. तक्रारीला जागा नाही.

परतीच्या वाटेवर सर्वाधिक घात होतात ते अगदी दारात. हजारो प्रकाशवर्षं सांभाळून आलेला माणूस शेवटी स्थानकाच्या फिरत्या दरवाज्याच्या कडेवर आपटतो. कवच तर तुम्ही वजन वाचवण्यासाठी आधीच काढलेलं असतं. आत शिरण्याआधी परवानगी घ्या. रेंगाळू नका, रेंगाळण्याला मृत्युदंड असल्याची घोषणा तिथे सतत चालू असते आणि ती गंमत म्हणून केलेली नसते.

८. मूळ प्रत पाहण्याचा हट्ट धरू नका. इतक्या नकला नोंदवल्यावर अस्सल पृथ्वी बघावी असं प्रत्येकाला केव्हातरी वाटतं. सूर्यमालेत शिरायला परवाना लागतो. तो मिळवण्यासाठी फेडरेशन या खेळातल्या सत्तेची कामं करत, निरोप आणि पार्सलं पोचवत, त्यांच्या नौदलात पेटी ऑफिसरच्या हुद्द्यापर्यंत चढावं लागतं. एवढं करून पोचलात तरी पृथ्वीवरही उतरता येत नाही. शेजारचा मंगळ या खेळात माणसांनी राहण्याजोगा करून पृथ्वीसारख्या ग्रहांच्या वर्गात घातलेला आहे, त्याच्यावरही नाही. तेव्हा त्या फंदात न पडता आजची फाइल सेव्ह करा आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.