अपडेटराव

अपडेटरावांना ओळखायला त्यांचे खरे नाव माहीत असावे लागत नाही. व्हॉट्सॲपचा कोणताही मोठा ग्रुप घ्या, दहावीच्या जुन्या तुकडीचा, सोसायटीचा, नाहीतर न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचा. तिथे तंत्रज्ञानाची बातमी पडली की पहिल्या मिनिटात ज्यांचे मत येते ते अपडेटराव. बातमी उघडून वाचायला जो वेळ गेला असता तो ते मत लिहिण्यात सत्कारणी लावतात. नवा फोन आला की ‘मागच्या वर्षीचाच आहे, कॅमेरा फक्त इकडचा तिकडे केलाय’. नवा गेम आला की ‘ऑप्टिमायझेशनच्या नावाने बोंब’. नवा कायदा आला की ‘व्हीपीएन आहे ना, चिंता कसली’. वय पंचवीस ते पंचावन्न यांमध्ये कुठेही. उपजीविका बहुधा दिवसभर स्क्रीनसमोर बसवणारी. रॅम, रिफ्रेश रेट आणि राज्यघटनेचे कलम १९ या तिन्हींवर ते एकाच सुरात बोलतात, कारण तिन्हींचे ज्ञान एकाच यूट्यूब चॅनेलवरून आलेले असते. घरच्यांना त्यांचा उपयोग राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यापुरता. ते काम मात्र ते मन लावून करतात.

अशा माणसाची टर उडवणे सोपे आहे, आणि ती उडवलीच पाहिजे. पण गेल्या दहा-अकरा वर्षांत भारतात इंटरनेटविषयी जे निर्णय झाले ते ओळीने मांडले तर एक गैरसोयीची गोष्ट लक्षात येते. आपल्या हातातले इंटरनेट आज जसे आहे त्यात अपडेटरावांचा वाटा आहे, आणि तो त्यांच्या सद्गुणांचा नाही. वाचनाचा कंटाळा, उतावीळपणा आणि निखळ स्वार्थ या तीन दुर्गुणांनी या देशात जे साधले ते विद्वानांच्या निवेदनांनी साधले असते का, याची मला दाट शंका आहे.

२७ मार्च २०१५ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एक चर्चापत्र प्रसिद्ध केले. पाने ११८, प्रश्न २०. व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या सेवांवर बंधने असावीत का, काही सेवांना वेगळा दर लावू द्यावा का, असा एकूण मामला. ११८ पाने अपडेटरावांनी वाचली असतील असे त्यांचा सख्खा भाऊही म्हणणार नाही. त्यांना कळले ते एवढेच की व्हॉट्सॲपच्या कॉलला वेगळे पैसे पडणार. एअरटेलने आदल्या डिसेंबरमध्ये तसा बेत जाहीर करून मागे घेतला होता, त्यामुळे जखम ताजी होती. मग एआयबी या विनोदी चमूचा व्हिडिओ आला, ‘सेव्ह द इंटरनेट’चे संकेतस्थळ आले आणि तिथल्या स्वयंसेवकांनी वीसही प्रश्नांची उत्तरे आयती लिहून ठेवली. बटण दाबले की ईमेल ट्रायकडे रवाना. दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे इंटरनेटवर सर्व सेवांना समान वागणूक, हा शब्द तोवर ज्यांनी उच्चारलाही नव्हता, ते त्याच्या रक्षणासाठी कंबर कसून उभे राहिले. कंबर खुर्चीतच होती, ही गोष्ट वेगळी. ट्रायने पुढे हे सारे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट आपल्या संकेतस्थळावर टाकून दिले. तेव्हा खासगीपणाचे हे खंदे पुरस्कर्ते जगातल्या तमाम स्पॅमवाल्यांना एकरकमी उपलब्ध झाले.

यावर आक्षेप येतो की हे कसले लोकमत? दुसऱ्याने लिहिले, यांनी बोट लावले. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर त्याच वर्षाच्या अखेरीस मिळाले. डिसेंबरमध्ये ट्रायने वेगवेगळ्या दरांबद्दल दुसरे चर्चापत्र काढले, या वेळी प्रश्न चारच. फेसबुकला निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणारी आपली ‘फ्री बेसिक्स’ योजना वाचवायची होती. वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती आल्या आणि फेसबुक उघडले की ट्रायला पाठिंब्याचा संदेश धाडण्याची विनंती समोर येऊ लागली. बोट लावणारे इथेही लाखांनी होते. पण ट्रायने फेसबुकला सुनावले की यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभाव करणारे डेटा दर बंद झाले आणि फ्री बेसिक्सने गाशा गुंडाळला. दोन्हीकडे मजकूर आयताच होता; फरक इतकाच की एका आयत्या मजकुरात उत्तरे होती आणि दुसऱ्यात नुसता जयजयकार. प्रश्न वाचून उत्तर देणे अपडेटरावांच्या कुंडलीत नाही. ते काम दुसऱ्याने करून दिले तर मात्र त्यांच्या आळसाइतके मोठे वाहन नाही, त्यातून दहा लाख माणसे एका दिशेने जातात.

उतावीळपणाचेही तसेच. एप्रिल २०१५ मध्ये निवडक ॲपचा डेटा फुकट देणाऱ्या एअरटेलच्या ‘झिरो’ योजनेत फ्लिपकार्ट सामील होणार असे कळताच अपडेटरावांनी त्याच्या ॲपला धडाधड एक-एक तारा दिला, आणि फ्लिपकार्टने काढता पाय घेतला. हेच अस्त्र त्यांनी २०१७ मध्ये पुन्हा उपसले. स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याचा आरोप बाहेर आला होता (कंपनीने तो नाकारला). संतापाच्या भरात अनेकांनी फोनमधून काढून टाकले ते स्नॅपडील. नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरे जुळली होती, पुढची कोण वाचतो? बिचाऱ्या स्नॅपडीलचा दोष इतकाच की ते शब्दकोशात शेजारी राहत होते. तरीही सप्टेंबर २०१५ चा एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आठवावा. आपले संदेश साध्या वाचता येण्याजोग्या रूपात ९० दिवस जपून ठेवा आणि मागितले की दाखवा, अशी त्यात नागरिकांकडून अपेक्षा होती. शांतपणे विचार करणाऱ्या माणसाने आधी तज्ज्ञांची मते मागवली असती. अपडेटरावांनी तीन महिन्यांची ‘शुभ सकाळ’ची फुले साठवायला फोनमध्ये जागा आहे का ते पाहिले आणि लगेच बोंब ठोकली. २२ सप्टेंबरला सरकारने मसुदा मागे घेतला.

स्वार्थाचे दर्शन घ्यायचे तर गेमिंगकडे यावे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आली, तेव्हा अपडेटरावांच्या देशभक्तीला उधाण आले होते. टिकटॉक ते बघत नसत; निदान बघतो असे सांगत नसत. २ सप्टेंबरला आणखी ११८ ॲपची यादी आली (ट्रायच्या चर्चापत्राची पानेही तेवढीच, हा आकडा त्यांच्या राशीला असावा), आणि तीत पब्जी मोबाइल निघाला. जूनमध्ये त्यांना राष्ट्रीय सुरक्षा कळली होती. सप्टेंबरमध्ये त्यांना कोरियाचा भूगोल कळला. गेम मुळात दक्षिण कोरियाचा आहे, चिनी टेन्सेंटकडे मोबाइलवरचे वितरण आहे, डेटा कुठे साठतो, बंदी कोणत्या कलमाखाली येते, हे सगळे त्यांनी एका रात्रीत पाठ केले. आणि गंमत अशी की त्यांतले बरेचसे बरोबर होते! जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय हे नाव घेऊन, रक्ताचा रंग हिरवा करून परतला. वर्षभराने पुन्हा गायब झाला. मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ हे प्रकरण कायद्याच्या किती पदवीधरांना ठाऊक असेल सांगता येत नाही, पण हेडफोन लावलेल्या पोरांना ते तोंडपाठ झाले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाला हे कधी जमले नव्हते.

खरे काम तर कोर्टात गेलेल्यांनी केले, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. त्रासदायक संदेश पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आत टाकू शकणारे त्याच कायद्याचे कलम ६६अ ज्या खटल्यात रद्द झाले तो श्रेया सिंघल यांनी विद्यार्थिदशेत गुदरला होता. त्यामागे २०१२ मधल्या पालघरच्या अटका होत्या, एका फेसबुक पोस्टसाठी आणि तिला दिलेल्या लाइकसाठी झालेल्या. निकाल आला २४ मार्च २०१५ रोजी, ट्रायच्या चर्चापत्राच्या तीन दिवस आधी. त्रासदायक या एका विशेषणात अपडेटरावांचे समग्र वाङ्मय मावते, तेव्हा त्या निकालाचे सर्वांत मोठे लाभार्थी तेच. खटल्यात त्यांनी काडी उचलली नाही, हे खरे. पण कोर्ट कायदा झाल्यावर तपासते. मसुद्याच्या वेळी जो गोंगाट लागतो तो करायला वकील पुरत नाहीत.

माझ्या मते त्यांचा खरा दोष अज्ञान नव्हेच. त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्यांच्याच मोबाइल टॉवरच्या रेंजमध्ये चालते. जम्मू-काश्मीरच्या बहुतेक भागांत ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत ४जी नव्हते. मुलांचे ऑनलाइन वर्ग २जीवर रखडत होते. त्याच दीड वर्षात अपडेटराव भारतात ५जी कधी येणार म्हणून हळहळत होते. आणि जिथे स्वार्थ होता तिथेही ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची फजिती झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक २० तारखेला लोकसभेत मांडून त्याच दिवशी मंजूर, २१ ला राज्यसभेत मंजूर, २२ ला राष्ट्रपतींची सही. आयुष्यात प्रथमच सरकार त्यांच्यापेक्षा जलद निघाले. मुंबईच्या ड्रीम११ या फँटसी क्रिकेटच्या कंपनीने पैशांचे खेळ बंद केले, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तिचे नाव गेले, आणि विधेयकातली कलमे कळायच्या आत चर्चा जर्सीवर आता कोणाचे नाव येणार याकडे वळली.

उलट जिथे सवड होती तिथे काय झाले पाहा. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ रोजी आला आणि मते पाठवायला पुढे ५ मार्चपर्यंत मुदत मिळाली. मते सरकारी पोर्टलवर लिहायची, आणि ती जाहीर केली जाणार नाहीत असे आधीच सांगितलेले. म्हणजे लाइक नाही, फॉरवर्ड नाही, ‘सर, तुमचे बरोबर आहे’ म्हणणारे कोणी नाही, आणि वाद घालायला समोर शत्रूही नाही. त्याच जानेवारीत एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आले, भारतातली किंमत दोन लाखांच्या वर. या दोहोंपैकी अपडेटरावांनी कशावर लिहिले, हे त्यांच्या ग्रुपमधल्या कोणालाही विचारा. त्यांना किंमतही सांगता येईल, जीएसटीसकट.