मार्चअखेरचे जंगल

नागझिऱ्याचा झिरा भर उन्हाळ्यातही आटत नाही म्हणतात. निधीचा झरा मात्र ३१ मार्चला आटतो, तेव्हा त्याआधी तो कुठेतरी ओतून मोकळे व्हावे लागते. म्हणून गोंदियाकडे वृक्षारोपणाचा हंगाम आता मृगाचा राहिलेला नाही. पळस पेटलेला, बाया पहाटेच मोह वेचायला गेलेल्या, अन् थंडगार गाडीतून उतरलेली मंडळी हातात रोप धरून फोटोला उभी. पुढे जूनपर्यंत दम काढणे ही रोपाची जबाबदारी. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजाला द्यावेत, हा कायदा २०१४ पासून लागू आहे. पावसाला तो कोणी वाचून दाखवलेला नाही.

निधीच्या अर्जात लाभार्थी लिहावे लागतात, मग तो वाघ का असेना. नागझिऱ्यातच जन्मलेला जय वाघ २०१३ मध्ये उठला आणि थेट उमरेड-करांडल्याला गेला. लाभार्थी प्रकल्पक्षेत्र सोडून गेला तर पैसे परत करायचे का? २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, त्यांच्या गळ्यात निदान कॉलर तरी होती. उपयोगिता प्रमाणपत्रावर पंजा कोण उमटवून घेणार, एवढाच प्रश्न.

परदेशी देणगी असेल तर ती आधी दिल्लीला, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उतरते. २०२० पासून नियमच तसा आहे. अर्जुनी-मोरगावच्या तळ्यातला गाळ काढायचा, तरी वाट दिल्लीवरूनच.

तळ्यांचे तर विचारूच नका. गोंडराजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेली तळी पुढे मालगुजार जमीनदारांकडे आली. १९५० च्या सुमारास मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा, हे कोहळ्यांनी प्रकल्प अहवाल न लिहिताच ठरवले. आता तलावाआधी त्याचा फलक तयार होतो. असाच एक फलक पाहून गावातले एक आजोबा म्हणाले, “मामाले भाचे भेटले वाटते जी!”

खरे काम या भागात मासेमार ढीवर समाजाच्या बायकांनी केले. पाणी उतरले की चिखलात शिरायचे, बेशरमाची झुडपे मुळासकट उपटायची, जुन्या पाणवनस्पती परत लावायच्या. म्हणजे देशी मासोळीला अंडी घालायला जागा होते. यात फीत कापण्यासारखे काहीच नाही, त्यामुळे दात्यांची पंचाईत होते. शिवाय ‘बेशरम निर्मूलन’ असा मथळा संचालक मंडळापुढे ठेवायचा कसा?

तरी एकदा पाहणीला साहेब आलेच. त्यांनी तक्ता उघडून विचारले, “बेशरम पूर्ण गेली का?”

“तळ्यातली गेली जी,” गुडघ्याएवढ्या चिखलातून बाई म्हणाली.

साहेबांनी रकान्यात लिहिले : अंशतः.