कन्सोलपंत

कन्सोलपंत ओळखायला सोपे. वय पस्तिशीच्या पुढेमागे, नोकरी हिंजवडीत, फ्लॅटचे हप्ते चालू, आणि टीव्हीखाली जिथे वडिलांच्या काळी शोकेसमधला ताजमहाल असायचा तिथे प्लेस्टेशन. त्यावर आईने क्रोशाचा रुमाल घातलेला. बालपण कॅसेटमध्ये फुंकर मारून ‘काँट्रा’ सुरू करण्यात गेलं, आणि शाळेमागच्या पार्लरमध्ये रुपया-रुपया टाकून ‘मुस्तफा’ खेळण्यात. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आणि मुस्तफा हा त्यातल्या चौघांपैकी फक्त एक, हे पंतांना नोकरीला लागल्यावर कळलं. मनातून ते अजून मान्य नाही.

एरवी माणूस निरुपद्रवी. कोथिंबीर न विसरता आणतो, सासऱ्यांचे पासवर्ड सांभाळतो. बायकोला दिवस गेले की मात्र रात्री एक्सेल उघडून बसतो. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गेम, तिसऱ्यात ‘आईला सांगायचा अर्थ’.

सगळं कसब त्या तिसऱ्या रकान्यात. पंत बंडखोर नव्हेत. त्यांना नाव गेममधलं हवं, पण त्यावर आईचा आशीर्वादही हवा. म्हणून दिसेल त्या नावाला ते संस्कृतचं जानवं घालतात. ‘होरायझन’मधली धनुर्धर अलॉय ‘आलय’वरून आली. ‘असॅसिन्स क्रीड’मधला फ्लॉरेन्सचा एझिओ ‘ईश’च्या घराण्यातला. ‘द लास्ट ऑफ अस’मधली एली ही मुळात ‘एला’, म्हणजे वेलदोडा.

आई बँकेतून निवृत्त झालेल्या. खोटी सही लांबून ओळखण्यात हयात गेलेली.

“‘किंगडम हार्ट्स’मध्ये एक गोड मुलगी आहे गं. कायरी.”

“कैरी? मग पाठच्या भावाचं लोणचं ठेवा.”

“मुलगा झाला तर लिंक.”

“त्याच्यावर क्लिक करू नका म्हणून रोज मेसेज येतो मला.”

“मग क्रेटॉस! ग्रीकांचा बळाचा देव आहे, आई.”

“बरं. करतो काय तो?”

इथे पंत अडखळतात. कारण ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रेटॉस 2010 सालच्या तिसऱ्या भागात सख्ख्या बापाला, झ्यूसला, बुक्क्यांनी ठार मारतो. हा शेवट पंतांनी कॉलेज बुडवून, आरोळ्या ठोकत पार केला होता. बाप व्हायची वेळ आल्यावर ते प्रथमच झ्यूसच्या बाजूने विचार करतात, आणि यादीतलं एक नाव गुपचूप कमी होतं.

आपण परंपरा मोडतोय हे मात्र पंत कबूल करत नाहीत, आणि यात मी त्यांच्या बाजूचा आहे. गावसकरांनी मुलाचं नाव वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून ठेवलं. रमेश तेंडुलकरांनी धाकट्याचं ठेवलं ते सचिन देव बर्मन यांच्यावरून. ज्याच्यापायी आपल्या संध्याकाळी गेल्या त्याचं नाव पोराला द्यायचं, ही रीत जुनीच. पंतांच्या संध्याकाळी रेडिओपाशी गेल्या नाहीत, एवढाच फरक. कॉमेंट्री ऐकत ऑफिसला उशिरा पोचलेल्या पिढीने यावर नाक मुरडावं हे मला तरी पटत नाही.

पंतांचा मोठा आधार म्हणजे हॉलिवूडचा रॉबिन विल्यम्स. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ 1986 साली जपानात आला आणि 1989 मध्ये झालेल्या मुलीचं नाव या गृहस्थाने झेल्डा ठेवलं. गेममधली झेल्डा ही राजकन्या. तिला सोडवणारा तो लिंक. (लिंकलाच झेल्डा समजणाऱ्या पाहुण्यांना पंत चहा देतात, बिस्किटं देत नाहीत.) गेमचे कर्ते शिगेरू मियामोतो यांनी राजकन्येसाठी हे नाव उचललं ते कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या पत्नीचं. “म्हणजे नाव मुळात एका लेखकाच्या बायकोचंच आहे, आई,” असं पंत पटवतात.

मारिओची कथा मात्र ते घरात काढत नाहीत. 1981 च्या ‘डाँकी काँग’मध्ये त्या मिशीवाल्याला नुसतंच ‘जंपमॅन’ म्हणत. पुढे निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांच्यावरून त्याचं बारसं झालं. पोराला घरमालकाचं नाव देणारा भाडेकरू पुण्यात अजून जन्मायचा आहे. गोव्यात हा प्रश्नच नाही. तिथे मारिओ हे नाव गेमच्या कितीतरी आधीपासून नांदतंय. लोटलीचे मारिओ मिरांडा 1926 सालचे.

‘स्कायरिम’ची गोष्ट पंतांनी बायकोला सातव्या महिन्यात सांगितली. तो गेम 11 नोव्हेंबर 2011 ला आला. त्याच दिवशी जन्मलेल्या बाळाचं नाव गेमच्या नायकावरून ‘डोवाकीन’ ठेवलं तर कंपनीचे गेम आयुष्यभर फुकट, अशी जाहीर ऑफर होती. अमेरिकेतल्या एका जोडप्याने ठेवलंही. बायको काही बोलली नाही. माहेरी जायची बॅग तिने जरा लवकर भरली.

मुलगी झाली. गुरुजींनी पंचांग पाहिलं: उत्तराभाद्रपदा, तिसरा चरण, अक्षर ‘झ’. घरात शांतता पसरली. मामींनी झेलम सुचवलं. पण पुण्यात झेलम म्हटलं की लोक जम्मूचं रिझर्व्हेशन मिळालं का आणि गाडी किती तास लेट आहे, तेच विचारणार. पंतांनी घसा खाकरला. आईंनी कपाळाला हात लावला, पण खुद्द पंचांगापुढे त्यांना बोलता येईना. जन्मनाव झेल्डा ठरलं. ते व्यवहारातही तेच राहावं, ही पंतांची पुढची चाल होती.

पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आणि आत्या म्हणजे पंतांची धाकटी बहीण. लहानपणी हिच्या हातात दुसरा कंट्रोलर द्यायचा, वायर जोडायची नाही आणि “बघ, तूच उडी मारत्येस” म्हणायचं, असा छळ पंतांनी वर्षानुवर्षं केलेला. ‘कुर्रर्र’ झालं, पाठीत धपाटे पडले आणि आत्याने मोठ्याने नाव जाहीर केलं: राजी.

आई खूश, त्यांच्या मावशीचं नाव राजी. बायको खूश, फॉर्मवर लिहायला सोपं. पंतांचा चेहरा मिनिटभर पडला आणि मग उजळला. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा 2020 सालचा गेम, केला पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने, त्यातली राजी धाकट्या भावाला, गोलूला, असुरांच्या हातून सोडवायला निघते. हिला हे कुठून ठाऊक, अशा नजरेने त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

“शेवटपर्यंत खेळलेय मी, दादा. या वेळी वायर जोडलेली होती.”

अख्ख्या एक्सेलमध्ये इतकं चांगलं नाव नव्हतं, हे माझं मत. तरी कागदावर अजून काही पक्कं नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव नंतर घालायला 12 महिने विनाशुल्क मुभा आहे आणि विलंब शुल्क भरून थेट 15 वर्षांपर्यंत. एवढ्या मुदतीत कुठल्या ना कुठल्या गेमचा पुढचा भाग येतोच. तेव्हा कन्सोलपंतांकडून बारशाचं बोलावणं आलं तर जरूर जा, घुगऱ्या खा, पण चांदीच्या वाटीवर नाव कोरून नेऊ नका.